परवाना बंदुकीचा, मिरवण्याचा नव्हे

सैन्यातून निवृत्त होऊन घोडेगावला परतलो आणि बारा बोअरच्या बंदुकीच्या परवान्यावर एका बँकेच्या शाखेत सुरक्षारक्षक म्हणून उभा राहिलो. आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात फौजेतून आलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा काहीही असो, सगळे ‘मेजर’ म्हणतात. मेजरच्या घरात बंदूक आहे हे गावाला कळलं की प्रश्न सुरू होतात. बाजारात सोबत येता का? पोराच्या लग्नात दोन बार काढता का? फोटोपुरती हातात देता का? मळ्यात बिबट्या दिसलाय, रात्री एक चक्कर मारता का? विचारणारे सगळे आपलेच, आणि कुणाच्याच मनात वाईट नसतं. म्हणूनच उत्तर नीट द्यावं लागतं. मी वकील नाही. पण परवान्यावर छापलेल्या अटी मी ओळ न ओळ वाचल्या आहेत, आणि त्या न वाचलेल्या माणसांचं काय होतं तेही पाहिलं आहे.

१. परवाना बाळगण्याचा असतो, दाखवण्याचा नसतो

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. परवाना मिळाला म्हणजे बंदूक खांद्याला लावून गावातून चालायची मुभा मिळाली, असं लोकांना वाटतं. तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, १९६२ पासून लागू. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सार्वजनिक ठिकाणी लांब नळीचं शस्त्र न्यायचं तर ते त्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि नेणाऱ्याच्या पुरत्या ताब्यात असलं पाहिजे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर ते होल्स्टरमध्ये, तेही झाकलेलं. सार्वजनिक जागी शस्त्र परजणं किंवा झाडणं याला सक्त मनाई आहे.

लोक म्हणतात, मेजर, तुम्ही तर बँकेच्या दारात उघडी बंदूक घेऊन उभे असता. हो, उभा असतो. ती माझी कामाची जागा आहे, आणि त्या जागेपुरतं ते काम आहे. घरापासून बँकेपर्यंत मात्र बंदूक कव्हरमध्ये, नळी रिकामी, काडतुसं वेगळी, आणि परवान्याचं पुस्तक खिशात. कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने परवाना मागितला तर तो दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. दाखवला नाही, तर शस्त्र जप्त करण्याचा अधिकार त्याला आहे.

फौजेत रायफल कधी आपली नसते. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, सही करून घ्यायची, काम झालं की साफ करून त्याच नंबरची परत जमा करायची. फायरिंगनंतर काडतुसांचे रिकामे खोकेसुद्धा मोजून द्यायचे, आणि आपल्याकडे एकही जिवंत काडतूस उरलेलं नाही असं रेंज सोडण्याआधी मोठ्याने सांगायचं. माणसाला शस्त्राची नशा चढू नये म्हणून ही सगळी शिस्त असते. गावात परत आल्यावर मला सगळ्यात जास्त उणीव जाणवली ती या शिस्तीची. इथे बंदूक घरात येते ती परवान्याच्या कागदावर, आणि ती कशी हाताळायची हे सांगणारं कुणी नसतं. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला सुरक्षेचं प्रशिक्षण घेणं भाग पाडलं, हे चांगलंच झालं. ते प्रशिक्षण कागदावर न उरता खरंखुरं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

२. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा: इथे बंदूक न्यायचीच नाही

परवान्यावर एक अट छापलेली असते. ती लोक क्वचितच वाचतात. खास परवानगी असल्याशिवाय परवानाधारकाने आपलं शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक मेळाव्यात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. म्हणजे कव्हरमध्ये घालूनसुद्धा नाही.

आमच्या गावाला ही अट रोजच्या जगण्यात लागू पडते. घोडेगाव नगर–संभाजीनगर हमरस्त्यावर वसलेलं. शनिशिंगणापूरला जाणारी बरीच गर्दी इथूनच वळते, आणि शनी अमावास्येला तर रस्ता माणसांनी भरून वाहतो. गावात घोडेश्वरी देवीची यात्रा भरते. म्हशींचा बाजार तर लांबलांबच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. म्हशींच्या बाजारात रोख पैसा खेळतो, त्यामुळे व्यापारी घाबरलेले असतात आणि सोबतीला बंदूकवाला मागतात. त्यांची भीती खरी आहे. पण हजारो माणसं, जनावरं, टेम्पो यांच्या गर्दीत बंदूक बाहेर काढून उपयोग काय? झाडायची वेळ आलीच, तर छऱ्यांना चोर कोण आणि व्यापारी कोण हे कळत नाही. अशा वेळी मी बँकेतून थेट खात्यावर पैसे पाठवायला सांगतो, नाहीतर चारचौघांनी मिळून उजेडी परतायला सांगतो. सोनई पोलीस ठाण्यात आधी कळवून बंदोबस्त मागता येतो, हेही सांगतो. बंदूक घेऊन मी गेलेलो नाही.

अट मोडली तर काय? शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड ऐकून लोक म्हणतात, एवढंच ना! पण खरा फटका कलम १७ चा असतो. अट मोडल्याबद्दल किंवा सार्वजनिक शांततेसाठी जिल्हादंडाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. माझ्यासारख्या माणसाचा परवाना गेला की त्याच दिवशी नोकरी गेली.

३. लग्नातला बार

“नवरदेव घोड्यावर बसला की दोनच बार काढा, मेजर.” हे मला इतक्या प्रेमाने सांगितलं गेलं आहे की नाही म्हणताना जीव जड होतो. तरी नाहीच म्हणतो.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारासाठी वेगळी तरतूद आली. सार्वजनिक कार्यक्रम, धार्मिक स्थळ, लग्न किंवा इतर समारंभात निष्काळजीपणे बंदूक वापरून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात कुणाला गोळी लागलीच पाहिजे असं नाही. धोका निर्माण झाला एवढं पुरे.

आणि लागली तर? उत्तराखंडात एका समारंभात छताकडे बंदूक झाडली गेली, छरे पाहुण्यांना लागले, दोघांचा जीव गेला. कुणाला मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२० मध्ये न्यायालयाने तो खून नव्हे तर सदोष मनुष्यवध ठरवला, पण दहा वर्षांची शिक्षा दिली. भरलेली बंदूक गर्दीत झाडताना काय होऊ शकतं हे माणसाला कळायलाच हवं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

हवेत झाडलेली गोळी हवेतच विरते असा समज आहे. रायफलची गोळी वर जाते तशी खालीही येते, आणि खाली येताना कुणाच्या तरी पत्र्यावर, अंगणात, डोक्यावर येते. मांडवातल्या लहान पोरांकडे बघितलं की मला हे आठवतं. लग्नात आनंद दाखवायला हलगी आहे, सनई आहे. ज्या घरात आनंद आहे त्या घरात मी बंदूक नेणार नाही, असं मी सरळ सांगतो. सुरुवातीला लोक रुसले, नंतर विचारणं बंद झालं.

४. फोटो हा पुरावा असतो, आणि भरती त्याच पुराव्यावर अडते

हा मुद्दा मी सगळ्यात कळकळीने लिहितो आहे.

पहाटे हमरस्त्याच्या कडेने पळणारी पोरं आमच्याकडे रोज दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी अग्निवीरसाठी. सोळाशे मीटर, गोळाफेक, लेखी परीक्षेचे क्लास. आई-बाप शेतातली कामं सांभाळून त्यांना दूध-अंडी पुरवतात. तीच पोरं संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतात आणि म्हणतात, “काका, एकदा हातात द्या ना, फक्त एक फोटो.”

मी देत नाही, आणि कारण पूर्ण सांगतो. परवाना माझ्या नावावर आहे. परवाना नसलेल्याच्या हातात हौसेखातर बंदूक देणं हा माझा गुन्हा, आणि ती घेणं हा त्याचा. कायद्याने परवान्यासाठी वय एकवीस ठेवलं आहे. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी ठरलेल्या अटींवर त्याहून लहान मुलांना सवलत आहे, पण ओट्यावरचा फोटो म्हणजे नेमबाजीचं प्रशिक्षण नव्हे. बिगरपरवाना बंदूक बाळगल्याच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. फोटो समाजमाध्यमांवर टाकला की तारीख, वेळ, चेहरा, शस्त्र सगळं पोलिसांच्या हाती आयतं जातं. पोलिसांचे लोक या पोस्टवर नजर ठेवूनच असतात. शस्त्रासोबतचे फोटो आणि व्हिडिओ टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्याच्या पानावर येतात.

न्यायालयात पुढे काय व्हायचं ते होईल. कदाचित सुटेलही. पण भरतीच्या अर्जात रकाना असतो: तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का? तिथे खरं लिहिलं तर चारित्र्य पडताळणीत अडतं, आणि लपवलं तर लपवल्याबद्दल नोकरी जाते. ज्या पोराला सरकारने स्वतः बंदूक द्यावी म्हणून तो चार वाजता उठून धावतो, त्याच पोराची ती संधी दुसऱ्याच्या बंदुकीसोबतच्या एका फोटोने हिरावून घ्यावी, यासारखं वाईट काही नाही. मी हे त्यांच्या बापांनाही सांगतो. काही बाप हसतात, पोरं आहेत म्हणतात. मला त्या वेळी हसू येत नाही.

खेळण्यातली बंदूक असली तरी चालेल का, असंही विचारतात. फोटोपुरती असेल तर गोष्ट वेगळी. पण तीच दाखवून कुणाला धमकावलं, तर धमकावण्याचा गुन्हा होतोच. समोरच्याच्या पोटात गोळा येतो तेव्हा ती प्लास्टिकची आहे हे त्याला माहीत नसतं.

५. एकाने मिरवलं की छाननी सगळ्यांची होते

शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती. पण त्यानंतर जिल्ह्यातल्या दहशतीची चर्चा सुरू झाली आणि कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचं समोर आलं. मग छाननी झाली, आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. इतकी वर्षं ही पिस्तुलं उघड्यावर मिरवली जात असताना त्यांच्याकडे कुणाचं लक्ष का गेलं नाही, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. माझ्या मते दिसणारं पिस्तूल हीच धमकी असते. ते झाडावं लागत नाही. ग्रामसभेत, टेंडरच्या खोलीत, जमिनीच्या मोजणीला कुणाच्या कमरेला ते दिसलं की बाकीचे गप्प बसतात.

जमिनीच्या वादाचं उदाहरणही ताजं आहे. मुळशी तालुक्यात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल धरल्याचा आदल्या वर्षीचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये सगळीकडे फिरला. पौड पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पिस्तूल धरणाऱ्या व्यक्तीला महाडमधून अटक झाली. परवाना आत्मसंरक्षणाचा आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. असेलही. पण परवाना असला म्हणून बांधावरच्या भांडणात पिस्तूल काढता येतं असं होत नाही. नेवासा तालुक्यात बांधाचे वाद घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो: मोजणीला जाताना बंदूक घरी ठेवा. बाचाबाची झालीच तर समोरचा माणूस तक्रारीत पहिलं वाक्य बंदुकीचंच लिहील.

आणि आमच्या पेशाला लागलेला डाग. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेने लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाच्या मदतीने जम्मू-काश्मीरमधल्या नऊ जणांना पकडलं. त्यांच्याकडे बारा बोअरच्या बंदुका होत्या आणि परवाने बनावट असल्याचं आढळलं. ते सुरक्षारक्षकाचं काम करत होते. त्यानंतर माझ्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा बदलल्या होत्या. मला त्याचा राग आला नाही, कारण शंका घेणं बरोबरच होतं. सुरक्षारक्षक ठेवणाऱ्या संस्थांना माझं सांगणं आहे की परवान्यावरचा यूआयएन हा ओळख क्रमांक तपासा, ज्या जिल्ह्यातून परवाना निघाला तिथे खात्री करा, परवाना आपल्या राज्यात चालतो का ते बघा. स्वस्तात मिळतो म्हणून माणूस ठेवू नका.

६. बिबट्या आणि भरलेली बंदूक

आमचा सगळा ऊसपट्टा. नेवासा, राहुरी, संगमनेर, कोपरगाव, अकोले, कुठेही जा, बिबट्या आता उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. त्याला जंगल माहीतच नाही. शेतीपंपाला वीज रात्रीची, त्यामुळे पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला माणूस अंधारात जातो. लहान लेकरं गेली आहेत, म्हाताऱ्या बाया गेल्या आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला कायद्याची कलमं ऐकवणं मला जमत नाही. म्हणून हा मुद्दा लिहिताना मी थांबून थांबून लिहितो आहे.

तरी सांगायलाच हवं. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. शिकारीच्या व्याख्येत मारणं तर येतंच, पण पाठलाग, हाकारणं, सापळा लावणं आणि या सगळ्याचा प्रयत्नसुद्धा येतो. म्हणजे बंदूक भरून रात्री उसाच्या कडेने बिबट्या शोधत फिरणं हीच आधी अडचणीची गोष्ट आहे, गोळी सुटो वा न सुटो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा नाही, असं त्याच कायद्यात कलम ११ मध्ये आहे. पण ते अंगावर आलेल्या जनावराबद्दल आहे. शोधून मारलेल्या जनावराला ते लागू होत नाही. नरभक्षक बिबट्याला ठार करायचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकांकडून लेखी यावा लागतो, आणि तेव्हा वन विभाग आपली माणसं पाठवतो.

कायद्याच्या आधीही एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गळीत हंगामात उसाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. पाचटाच्या भिंती, आत झोपलेली माणसं, तान्ही लेकरं. बारा बोअरचे छरे अंतर वाढेल तसे पसरतात. अंधारात दोन डोळे चमकले म्हणून बार काढायचा आणि त्या डोळ्यांच्या मागे कोपी असायची! कुत्र्याचे डोळेही चमकतात, वासराचेही. रात्री निशाणा धरण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे मी, आणि मीच सांगतो की उसात रात्री बंदूक चालवण्याची माझी हिंमत नाही.

मळ्यात चक्कर मारायला मला बोलावतात तेव्हा मी जातो, पण मोठी बॅटरी, काठी आणि आणखी तीन-चार माणसं घेऊन. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावतो. शेळ्यांच्या गोठ्याला जाळी मारायला हात लावतो. वन विभागाला फोन करून पिंजरा मागतो, आणि तो येईपर्यंत पाठपुरावा करतो. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी मी प्रत्येक ग्रामसभेत उभा राहून करतो. या एका गोष्टीने जेवढे जीव वाचतील तेवढे गावातल्या सगळ्या बंदुका मिळून वाचणार नाहीत.

पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना कायद्यात आहे, हेही खरं. कोकणात सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे ठासणीच्या बंदुका त्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रानडुकरांसाठी वन विभागाची वेगळी परवानगी काढता येते. पण डुकराच्या परवानगीवर बिबट्या मारता येत नाही, आणि पीकराखणीची बंदूक बाजारपेठेत मिरवता येत नाही.

७. निवडणूक आली की

आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा येतात. पूर्वी सरसकट सगळ्यांना यायच्या. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या पीठाने सांगितलं की असा सरसकट आदेश चालणार नाही. छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करून ठरवायचं. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले यांची शस्त्रं आधी घ्यायची. बँकेच्या रक्षकांना आणि नेमबाजांना साधारणपणे सूट मिळते, पण ती मागावी लागते. बँकेचं पत्र घेऊन वेळेत अर्ज द्यायचा. नोटीस आलीच तर वाद न घालता ठाण्यात जमा करायची, बंदुकीचा नंबर आणि तिची अवस्था लिहिलेली पावती घ्यायची.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश सणावाराला निघत असतात. त्या काळात बंदूक, तलवार, भाले, सोटे, काठ्यासुद्धा बाळगायला बंदी असते. पेपरातली ती छोटी चौकट लोक वाचत नाहीत. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय न्यायालयाला चार महिन्यांच्या खाली येता येत नाही.

८. तलवार आणि कोयता

जयंतीच्या मिरवणुकीत तलवार फिरवणाऱ्या पोरांना वाटतं की शस्त्र म्हणजे फक्त बंदूक. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यारही शस्त्रकायद्याच्या नियमांत येतं. शेतीची आणि घरकामाची अवजारं कायद्याने वगळली आहेत. ऊसतोडीला निघालेल्या माणसाच्या हातातला कोयता हे त्याच्या पोटाचं साधन आहे, त्याला कुणी हात लावत नाही. तोच कोयता चौकात नाचवला की पोलीस उचलतात, आणि बरोबरच करतात. केकही तलवारीने कापू नका. सुरी असते घरात.

९. गावठी कट्टा

याबद्दल थोडंच लिहितो. चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी आहे, तिथून आलेले कट्टे आपल्या जिल्ह्यात वारंवार पकडले जातात. कट्टा हातातच फुटून बोटं गमावलेली माणसं आहेत. तो आपल्याकडे ठेवायला दिला तरी घेऊ नका, मित्र कितीही जवळचा असो. ताब्यात सापडला की ‘माझा नव्हता’ हे सिद्ध करता करता वर्षं जातात.

१०. ही परवानगी आहे, हक्क नव्हे

आमच्या गावच्या एका घरातला मुलगा टेक्सासला असतो. सुट्टीत आला की तिकडे माणसं खांद्याला रायफल अडकवून दुकानात कशी येतात ते सांगतो, आणि ऐकणाऱ्या पोरांचे डोळे मोठे होतात. अमेरिकेच्या घटनेत १७९१ च्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलेला आहे. आपला रस्ता वेगळा आहे, आणि तो आपण विचार करून निवडलेला आहे.

इंग्रजांनी १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा केला. त्यात देशी माणसाला परवाना हवा आणि युरोपियनांना सूट. त्या अपमानाचा राग आपल्या पुढाऱ्यांच्या मनात इतका होता की १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. स्वातंत्र्यानंतर संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णू कामत यांनी तो हक्क संविधानात यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो शांततेने आणि शस्त्रांशिवाय जमण्याचा. मोर्चा काढा, सभा घ्या, रस्त्यावर बसा, पण हात रिकामे ठेवून या. ज्या गावात कधीकाळी बंदुका बाळगणाऱ्यांच्या वाड्यासमोरून लोकांना चप्पल काढून जावं लागायचं, त्या गावातल्या माणसाला या अटीची किंमत कळते. माझ्या आजोबांच्या तोंडून मी तसल्या वाड्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत.

११. आपल्यामागे बंदुकीचं काय

परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात. पूर्वी तीन चालायची. मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही, की घरातली तीच बंदूक बेकायदा होते. मालक वारला की कुटुंब दुःखात असतं, बंदूक भिंतीला तशीच लटकत राहते, आणि वर्षा-दोन वर्षांनी विधवेच्या दाराशी पोलीस येतात. हे मी पाहिलं आहे. कायद्याचं म्हणणं असं की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचं. वारसाला ते हवं असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. मालक जिवंत असतानाही हे करता येतं, त्याचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र घेऊन पंचवीस वर्षं झाली की.

माझ्या मुलाला बंदूक नको आहे, आणि मला त्याचं समाधान आहे. घरात मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, सूनबाईंनाही, की परवान्याचं पुस्तक, बंदुकीच्या खरेदीची पावती आणि काडतुसांची नोंद एकाच पाकिटात आहेत. वेळ येईल तेव्हा बंदूक कव्हरमध्ये घालून, काडतुसं मोजून, सोनई ठाण्यात जमा करायची आणि शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.